आज कोणाकडे काय शिजतंय

आमचे हे गॅसच्या शेगड्या दुरुस्त करतात. हे सांगायला मला कधी लाज वाटली नाही, आणि ज्यांना ऐकताना कमीपणा वाटतो त्यांनी आपली शेगडी आपण दुरुस्त करावी, माझी काही हरकत नाही. लग्न ठरलं तेव्हा माझ्या थोरल्या बहिणीनं तोंड वाकडं केलं होतं. वर्ष उलटायच्या आत तिच्याच शेगडीची ज्योत पिवळी पडली, पातेल्यांचे तळ काळेकुट्ट व्हायला लागले, तेव्हा निरोप कोणाला आला? भाऊजींना. मी एक शब्द बोलले नाही. नुसती तिच्याकडे बघत बसले, आणि तेवढं तिला पुरलं.

ह्यांची कामाची एक रीत आहे. बर्नर साफ झाला, साबणाचं पाणी लावून सांधे गळत नाहीत ना ते बघून झालं, तरी हे पिशवी आवरत नाहीत. "आज काय आहे जेवायला?" असं विचारतात. नवीन घरातल्या बाईला वाटतं, हा माणूस जेवूनच जाणार की काय. तसं नसतं. त्या रात्रीचं जे काही जेवण असेल ते हे त्याच शेगडीवर चढवायला लावतात आणि शिजायला लागेपर्यंत कोपऱ्यात उभे राहतात. ह्यांचं म्हणणं असं की पाणी काय, कुठल्याही शेगडीवर उकळतं. मसूर मंद आचेवर शिजले पाहिजेत आणि मासे दणकून तळले गेले पाहिजेत. शेगडी बरी झाली की नाही, ते जेवण सांगतं, मेकॅनिक नाही. त्यामुळे आमच्या रस्त्यावर कोणाच्या घरी काय शिजतं, हे ह्यांच्याइतकं दुसऱ्या कोणालाच माहीत नाही.

आणि नाक म्हणजे काय सांगू. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. संध्याकाळी जिना चढता चढता हे एकेका दाराचा वास घेत यायचे, आणि पिशवी खुंटीला लावली की माझ्यासाठी बातम्या सुरू. "तळमजल्यावर वांगी. शिंपीणबाईंकडे मासे, पण लसूण करपवलाय. त्या शिक्षकाकडे परत अंडी, तो माणूस एक दिवस आरवणार बघ. आणि आपल्याकडे कोबी. मीठ राहिलंय." मीठ कधी वासावरून कळतं का हो, असं म्हणून मी भांडायची. मग त्यांची पाठ वळली की चाखून बघायची आणि गुपचूप मीठ घालायची. टीव्हीवरच्या बातम्यांत मला कधी गोडी वाटली नाही. ह्या बातम्यांसाठी मात्र मी कान टवकारून बसायची.

मग गेल्या हिवाळ्यात ह्यांना ताप आला. चांगला लांबला. उठले, पुन्हा कामाला जायला लागले, बातम्याही पुन्हा सुरू झाल्या, पण त्यात काहीतरी अळणी होतं. करपलेला लसूण नाही, राहिलेलं मीठ नाही. नुसती नावं. वांगी, बटाटे, फरसबी, दुकानाबाहेरची पाटी वाचावी तशी. मी म्हटलं, वय झालं, बोलायचा कंटाळा येत असेल. एकदा हे म्हणाले, "शिंपीणबाईंकडे आज मासे." दुसऱ्या दिवशी मी तिला सहज विचारलं, तर ती म्हणते, "कुठले मासे? ते मी बहिणीला घेऊन दिले. मी आपली चहा-पाव खाऊन झोपले." मी ह्यांची भरपूर चेष्टा केली. हे कसनुसं हसले. एवढं समोर असूनही माझ्या डोक्यात काही प्रकाश पडला नाही, आणि मी स्वतःला हुशार समजते.

प्रकाश पडला तो मसुरामुळे. त्या दिवशी मी फ्लॉवर आणला होता, पण मसूर भिजलेले होते म्हणून फ्लॉवर ठेवून दिला. मसूर शेगडीवर ठेवले आणि बाहीची शिवण दाखवायला खाली शिंपीणबाईंकडे गेले. आता आम्ही दोघी बोलायला लागलो की काय होतं ते सगळ्या जिन्याला ठाऊक आहे. वर आले तेव्हा मसुराचा कोळसा झाला होता. तो शिक्षक खोकत बाहेर येऊन विचारून गेला, आग लागली का म्हणून. मी खिडक्या उघडल्या, पातेलं नळाखाली दडवलं. धूर गेला, पण वास भिंतींना चिकटून बसला. असल्या वासातून हे जिना चढून आले, पिशवी लावली आणि खुशीत म्हणाले, "वा, फ्लॉवर. काय वास सुटलाय."

मी हातातला डाव खाली ठेवला.

"फ्लॉवर मी आणलाय हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

हे खाली बसले. मग एकेक बाहेर आलं. रोज संध्याकाळी हे कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे थांबायचे, कोणी काय नेलं, कोणाच्या पिशवीत मासे दिसले ते तिच्याशी गप्पा मारत काढून घ्यायचे आणि जिना चढताना त्याच्या बातम्या करायचे. ती बिचारी सरळ मनानं सांगायची.

"कधीपासून वास येत नाही?"

"तापापासून."

"अजिबात?"

"अजिबात. चवही तशीच. तू केलेलं जेवण आणि ओला पुठ्ठा, मला आता सारखंच."

मला रडू येणार होतं. इतके महिने हा माणूस पुठ्ठा चावत होता आणि छान झालंय म्हणत होता. पण रडण्याच्या आधी दुसरी गोष्ट डोक्यात आली.

"अहो, आणि तुम्ही लोकांच्या घरात गॅस जोडता?"

"साबणाचं पाणी आहे ना."

"ते जिथे लावाल तिथलं सांगेल. जिथे लावलं नाही तिथलं कोण सांगणार?"

ह्यांनी मान खाली घातली. "झाकली मूठ सव्वा लाखाची," हळूच म्हणाले. "उघडली तर मला कोणी स्वयंपाकघरात पाऊल ठेवू देणार नाही. मला दुसरं येतं काय?"

"मूठ तुमची असेल, पण तिच्यात घरं लोकांची आहेत," मी म्हटलं. माझा आवाज चढला की शिक्षकाचं दार बंद होतं. ते झालं. "आता एक तर सगळ्यांना सांगा, नाही तर उद्यापासून मी तुमच्याबरोबर येणार. नाक माझं, हात तुमचे."

"बायकोला बरोबर घेऊन फिरू? लोक हसतील."

"हसू देत. हसण्यानं भडका उडत नाही."

गेले मी. हे सांगायचे, हिला घरी करमत नाही म्हणून येते. ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, कारण मला घरी उत्तम करमतं. हे कामाला लागले की मी काहीतरी खाली पाडायची, वाकायची आणि सिलिंडरपासून शेगडीपर्यंत वास घेत यायची. सगळं ठीक असलं की पदर सारखा करायचा, अशी आमची खूण. चोरी केल्यासारखं वाटायचं. पण काम चालू होतं आणि ह्यांची मूठ झाकलेली होती, म्हणून मी गप्प राहिले. मी गप्प राहिले, हेच लोकांना खरं वाटणार नाही.

मग सिस्टरकडचं काम आलं. ह्या बाई इस्पितळात नर्स आहेत, रस्त्याच्या टोकाला एकट्याच राहतात. स्वयंपाकघर एवढंसं, पण ताटल्यासुद्धा रांगेत उभ्या. ह्यांनी बर्नर बदलला, सांधे तपासले, मी पदर सारखा केला. हे म्हणाले, "आज काय आहे जेवायला?"

"मटार-बटाटा. आणि जरा लवकर हं, सकाळपासून पायांवर उभी आहे."

त्यांनी पातेलं चढवलं, काड्यापेटी घेतली, आणि नेमका तेव्हा मला वास आला. शेगडीपाशी नाही. खाली, पिठाच्या डब्यामागून, जिथे मी वाकलेच नव्हते.

"सिस्टर, काडी ओढू नका."

माझा आवाज असा निघाला की त्यांच्या हातून पेटी पडली. ह्यांनी एका क्षणात सिलिंडर बंद केला, खिडकी उघडली, दार उघडलं, मग डबा ओढला. मागे नळी उंदरानं कुरतडली होती. सिस्टर नळीकडे बघत राहिल्या आणि मग ह्यांच्याकडे वळल्या.

"तुम्ही तर इथेच बसला होतात. तुम्हाला कसा नाही आला वास?"

त्यांना सर्दी झालीये, हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. ह्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"मला वास येतच नाही, सिस्टर. हिवाळ्यातल्या तापानं गेला. हिला येतो, म्हणून हिला आणतो. हे मी दारातच सांगायला हवं होतं."

सिस्टर आरडाओरडा करणाऱ्यातल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "पिशवी उचला आणि जा." आम्ही गेलो. नळी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे चपला घालून तयार. म्हटलं, कुठे? "तापानंतर जिथे जिथे हात लावला तिथे. तू चल." आणि हा माणूस घरोघर गेला. दार उघडलं की पहिलं वाक्य, "मला वास येत नाही. तुमची शेगडी मी केली होती. हिच्याकडून पुन्हा तपासून घ्यायला आलोय." कोणी आत घेतलं. एकानं तोंडावर दार आपटलं. एका आजीबाईंनी मनसोक्त फैलावर घेतलं आणि मग सरबत दिलं. शिंपीणबाई म्हणाली, "नाक नसलेला शेगडीवाला म्हणजे डोळे नसलेला शिंपी." मी म्हटलं, "तुझ्या हातच्या बाह्या घालून चारचौघांत फिरते मी, मला शिंप्यांचं सांगू नकोस." आणि हे मी मान ताठ ठेवून सांगते, ह्यांनी केलेली एकही जोडणी गळत नव्हती.

पण बोलावणी थांबली. फोन वाजायचा तो माझ्या बहिणीचा. हे पाने आणि पक्कड पुसत बसायचे, जेवताना मान न वर करता चावत राहायचे. मला ह्यांचा इतका अभिमान वाटत होता की कोणाला तरी धरून सांगावं, आणि रागही तितकाच येत होता, कारण अभिमानानं शेगड्या येत नाहीत. त्यात भाजीवालीकडून कळलं की सिस्टर सगळीकडे सांगत फिरताहेत. म्हटलं, भेटू दे एकदा.

भेटली. एका संध्याकाळी आमच्याच दारात उभी. मी दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"सिस्टर, गावभर सांगितलंत म्हणे."

"सांगितलं. सांगणारच," त्या म्हणाल्या आणि मला वळसा घालून सरळ आत आल्या. ह्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. "तुम्ही सगळ्यांकडे जाऊन आलात. माझ्याकडे का नाही आलात?"

"तुम्हीच जा म्हणालात," हे पुटपुटले.

"म्हणाले. माझ्याच स्वयंपाकघरात मी मरता मरता वाचले, मग काय आरती ओवाळू?" त्या खुर्चीवर बसल्या, न विचारता. "त्या दिवसापासून मी पाव आणि केळी खातेय. दोन मेकॅनिक बोलावले. दोघांना विचारलं, तुम्हाला वास नीट येतो का? एक नुसता हसला. दुसरा म्हणाला, बाई, हे काय विचारणं झालं? दोघांनाही दारातूनच परत पाठवलं. न विचारता खरं सांगणारा एकच भेटला, आणि तो इथे पक्कड पुसत बसलाय. हेच सांगत फिरतेय मी लोकांना."

माझे हात कमरेवरून कधी खाली आले मला कळलं नाही.

"उठा," सिस्टर म्हणाल्या. "दोघंही चला. आज मला गरम जेवायचंय."

आमच्या पातेल्यातलं वांगं अर्धं कच्चं होतं. मी शेगडी बंद केली आणि निघाले.

ह्यांनी नवी नळी घातली, डबा भिंतीपासून लांब सरकवला, सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं. मग बाजूला होऊन मला जागा दिली. ह्या वेळी मी काही खाली पाडलं नाही. सरळ गुडघे टेकले आणि सिलिंडरच्या तोंडापासून नळीच्या कडेनं, भिंतीच्या सांदीतून, ओट्याखालून शेगडीपर्यंत वास घेत आले. सिस्टर पातेलं धरून उभ्या होत्या. त्यांनी काड्यापेटी माझ्यापुढे नाही, ह्यांच्यापुढे केली.

त्या दिवसानंतर ह्यांनी कुठेच काडी ओढली नव्हती. आमच्या घरीसुद्धा मीच ओढायची. ह्यांनी पेटी घेतली, काडी काढली. इतक्या वर्षांत ह्या माणसानं आपल्या कामात माझं मत कधी विचारलं नव्हतं. आता काडी पेटीवर टेकवून तो माझ्या तोंडाकडे बघत उभा होता.

मी पुन्हा एकदा खोल श्वास घेतला. मटार, कच्चा बटाटा, साबण, आणि काही नाही.

"ओढा," मी म्हटलं.

ह्यांनी काडी ओढली.