बार काढणारी मोटार

कुंडलिकच्या मोटारीचे बार साऱ्या साखर पेठेला पाठ होते. मोटार कोपऱ्यावर आली की मागच्या नळीतून धाडकन आवाज निघायचा, कोंबड्या सैरावैरा पळायच्या आणि चुलीपाशी बसलेली त्याची बायको वच्छला म्हणायची, "आले." मी त्यांची शेजारीण, त्यामुळे थट्टेचा हक्क माझाही होता. "कुंडलिकराव, मोटार आणलीत की तोफ?" असे विचारले की तो ओशाळून म्हणे, "म्हातारी हाय बाई. जुनी खोड हाय तिची."

तो मूळचा माळशिरसकडचा. घरी शेती होती, पण याला नांगराचा कंटाळा. सोलापुरात येऊन आधी मोटारी धुतल्या, मग क्लीनर झाला, मग ड्रायव्हर. मडिवाळप्पा नावाच्या अडत्याने कुणा साहेबाची जुनी मोटार घेतली, तेव्हा तिच्याबरोबर कुंडलिकलाही ठेवून घेतले. मोटार मडिवाळप्पाची असली तरी तिच्यावर रागावण्याचा अधिकार फक्त कुंडलिकचा. मालकाने दार जोरात लावले तरी याच्या कपाळाला आठी पडे. असा माणूस नवरा म्हणून डोक्याला तापच, हे मी वच्छलेला तोंडावर सांगितले आहे. ती म्हणे, "दुसऱ्यांचे नवरे दारू पित्यात. हितं मोटार पेट्रोल पिती. बरं हाय की."

तीस सालच्या मे महिन्यात सोलापुरात लष्करी कायदा लागला आणि आमची थट्टा संपली. चौकाचौकांत बंदुकवाले सोजीर उभे राहिले. रस्त्यात काही वाजले तर आधी गोळी सुटेल आणि मग चौकशी होईल, असे जो तो सांगे. खरेखोटे पडताळायला कोण जाणार? गल्लीत लोक दाराची कडीसुद्धा हळू लावत. मडिवाळप्पा बायकामुलांना घेऊन दुधनीला बहिणीकडे निघून गेला. जाताना कुंडलिकला बजावून गेला, "हिला बाहेर काढू नको. हिचा बार निघाला तर तुझं मढं उचलायला मी येणार नाही."

आणि नेमका त्याच दिवसांत कुंडलिकच्या एकुलत्या एका पोराचा, भीमाचा, घसा धरला. आधी पडसे वाटले. मग मान सुजली आणि श्वास घेताना शीळ वाजल्यासारखा आवाज येऊ लागला. सकाळी वैद्यांनी पोराचे तोंड उघडून पाहिले आणि ते मागे सरले. "घटसर्प आहे," ते म्हणाले. "मोठ्या दवाखान्यात सुई मिळते. आत्ताच न्या. संध्याकाळची वाट पाहू नका."

दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला. टांगे बंद. सोलापूरच्या उन्हात पोराला उचलून तेवढे चालायचे तर वाटेतच त्याचा श्वास अडकायचा. वच्छलेने नवऱ्याकडे पाहिले. तो उठला आणि त्याने दारात उभ्या मोटारीचे झाकण उघडले.

मी तिथेच भीमाला वारा घालत बसले होते. इंजिनात चार प्लग. कुंडलिकने ते पान्याने काढून ओळीने फडक्यावर मांडले. "ह्यातली ठिणगी चुकली की न जळलेलं पेट्रोल मागं नळीत जातंय, आन् तितं बार हुतो," तो म्हणाला. मला सांगत होता की स्वतःला, कोण जाणे. नवे प्लग त्याच्याकडे दोनच होते. दुकाने बंद, आणखी आणणार कुठून? उरलेले दोन जुने, काजळीने भरलेले. ते त्याने रॉकेलात बुडवून तारेच्या ब्रशने घासले. मग प्रत्येक प्लगच्या टोकाची बारीक तार वाकवून फट जुळवू लागला. माप म्हणजे त्याच्या अंगठ्याचे नख. फटीत नख सरकवायचे, तार हलकेच ठोकायची, पुन्हा नख सरकवायचे.

मध्येच त्याचे हात थांबले.

"काय झालं?" मी विचारले.

"फट बारीक ठिवली तर चटकन सुरू हुईल, पर हळू चालताना ठिणगी चुकंल. मोठी ठिवली तर रस्त्यात गप चालंल, पर सुरू हुताना लई तरास दील. बार बी काढंल."

भीमाचा श्वास अडला. आम्ही तिघेही त्याच्याकडे वळलो. शीळ पुन्हा वाजू लागली तेव्हा कुंडलिक म्हणाला, "रस्त्यात गप ऱ्हायला पायजे. एकदा सुरू झाली की दवाखान्यापातूर बंदच करायची न्हाय." त्याने फट मोठी ठेवली.

मागच्या नळीवर भिजवलेली पोती टाकून त्याने हँडल मारायला घेतले. मारून मारून त्याच्या तळहाताची साले निघाली. शेवटी पोत्यांखाली एक दबका बार झाला आणि मोटार सुरू झाली. मलाही बरोबर घेतले, ते माझ्या इंग्रजीसाठी. मुलींच्या शाळेत मी इंग्रजीचे पहिले पुस्तक शिकवी, आणि त्या मांजर-उंदराच्या भांडवलावर मला लष्कराशी बोलायचे होते.

पण मोटार खरोखरच गप चालली. तशी ती मी कधी ऐकली नव्हती. भीमाची शीळ तिच्या आवाजापेक्षा मोठी वाटत होती. अर्धे गाव मागे पडले. पुढच्या चौकात मात्र सोजिरांनी बंदुका आडव्या धरल्या आणि एका गोऱ्या साहेबाने इंजिन बंद करायची खूण केली. कुंडलिकने हात जोडले. बंदूक आणखी पुढे आली. त्याने मोटार बंद केली.

"चाइल्ड. सिक. थ्रोट," मी म्हणाले. साहेबाने भीमाकडे पाहिले आणि लगेच हाताने 'जा, जा' केले. तो पलीकडे निघून गेला.

आता सुरू कशी करायची? भिजवलेली पोती तर घरीच राहिली होती. फट बारीक करावी म्हणून कुंडलिकने प्लग काढायला पाना उचलला, तर एका सोजिराने ओरडून तो खाली टाकायला लावला. बाराला इंग्रजीत काय म्हणतात ते मला येत नव्हते. मोटारीकडे बोट दाखवून मी "नो गन, नो गन" म्हणाले, आणि 'गन' ऐकताच त्याने बंदूक खांद्याला लावली.

कुंडलिक वच्छलेजवळ आला. "पोराला घिऊन बाईंसंगं चालत पुढं व्हा. पळू नगा. मी आलोच."

तिने त्याच्याकडे एकदा नीट पाहिले, पोराला छातीशी धरले आणि खाली उतरली. आम्ही चालू लागलो. मागे हँडल फिरल्याचा आवाज आला. मोटार लागली नाही. पुन्हा हँडल. पुन्हा काही नाही. आणि मग धाडकन बार झाला. पाठोपाठ सोजिरांची आरडाओरड.

मी भिंतीला धरून डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा वच्छला बरीच पुढे गेली होती. पावलांचा वेग तोच. मी धावत तिला गाठले, पण तिला काही विचारायचा धीर मला झाला नाही. तिचे ओठ पांढरे पडले होते.

मग मागून घरघर ऐकू आली. मोटार शेजारी येऊन थांबली. कुंडलिकचा सदरा घामाने अंगाला चिकटला होता. "बसा," एवढेच तो म्हणाला. आवाज होताच त्याने हँडल टाकून दोन्ही हात वर केले होते, आणि चार बंदुकांसमोर तो तसाच उभा असताना मोटार शहाण्यासारखी चालू राहिली होती; ती घरघर ऐकून बंदुका खाली आल्या होत्या. हे त्याने नंतर सांगितले.

भीमाला सुई मिळाली. उन्हे कलल्यावर त्याची शीळ कमी होत गेली. डॉक्टर म्हणाले, आता भीती नाही. आम्ही व्हरांड्यात बसलो होतो.

"बार ऐकलास न्हवं?" कुंडलिकने बायकोला विचारले.

"ऐकला की."

"मागं वळून बघितलं न्हाईस."

"बघितलं असतं तर पुढं पाय उचलला नसता," वच्छला म्हणाली. "आन् पोरगं माज्या हातात हुतं."

"बरं केलंस," तो म्हणाला, आणि सदऱ्यात तोंड खुपसून रडू लागला.