दोनशे बारावं पान

टाचणीबाईंनी राज्यघटनेचं एक पान खाल्लं, अशी आमच्या गल्लीत वदंता होती. ती पसरवण्यात माझाही हातभार होता, खोटं कशाला बोलू? घटना समितीच्या छापील इतिवृत्तात दोनशे अकरानंतर थेट दोनशे तेरा. मधलं गेलं कुठं? आणि समितीची लघुलेखिका तर आमच्या समोरच राहायची, पदराला सदैव चार टाचण्या टोचून.

चाळीस वर्षांनी त्या पानावरून वाद पेटला. गोदामामागची भाड्याची घरं सरकारला पाडायची होती. घटनेत लिहिलेलं, ‘राहत्या घरातून कोणालाही काढू नये.’ या कलमावरची चर्चा त्या गायब पानावरच असणार, असं सगळे धरून चालले. सरकारी वकील म्हणाले, घटनाकारांच्या मनात फक्त मालकीची घरं होती. न्यायाधीश म्हणाले, मनात काय होतं ते दाखवा. घटनाकार सगळे वर गेलेले. उरल्या बाई आणि त्यांची लघुलिपीची वही, जी त्यांच्याशिवाय कोणाला वाचता येत नव्हती.

त्या भाड्याच्या घरांत बाईंची विधवा भावजय राहायची.

“वन्सं, घाला की त्यांच्या तोंडी दोन वाक्यं! तुमचे ते कोंबडीचे पाय वाचणार कोण? मेलेली माणसं तक्रार करतात होय?”

“मेलीत म्हणूनच घालता येत नाहीत. जिवंत असती तर ‘छे, मी असं म्हणालोच नाही’ म्हणाली असती.”

“मग मी सामान तुमच्याकडे आणते!”

“आण. पण तुझा तो पोपट नको.”

कोर्टात बाईंनी चष्मा पुसला, वही उघडली. “‘कलम वाचलं. एकमताने मंजूर. सभा जेवणासाठी उठली.’”

“बस्स?” न्यायाधीश म्हणाले. “आणि त्यांच्या मनात काय होतं?”

“साहेब, मला पगार बोललेलं लिहायचा होता. चेहऱ्यांवरून म्हणाल, तर भूक होती.”

सरकारी वकीलसुद्धा हसले. बाई मात्र बाकावर येऊन पुसलेला चष्मा पुन्हा पुसू लागल्या. मी मागेच होतो.

घटनाकारांनी असं हात वर केल्यावर न्यायाधीशांना लिहिलेलं वाक्यच वाचावं लागलं. त्यात ‘राहतं’ होतं, ‘मालकीचं’ नव्हतं. घरं वाचली. भावजय तरी महिनाभर बोलली नाही. पोपट मात्र टाचणीबाईंच्या नावाने ओरडायला शिकला.

राहिलं पान. टाइप करताना बाईंनी चर्चेसाठी एक पान कोरं सोडलं होतं. चर्चा झाली नाही. छापखान्याने ते पान गाळलं, पुढचे आकडे मात्र तसेच ठेवले.