सॉल्टमामांची शनिवारची लॅब

सॉल्टमामा कोणाच्या जर्नलवर विश्वास ठेवत नसत. बोटं बघत. सिल्व्हर नायट्रेट हाताला लागलं की काळा डाग पडतो आणि साबणाने जात नाही. घाटकोपरच्या आमच्या कॉलेजात ते रसायनशास्त्राच्या लॅबचे परिचर होते. मुलांना दारातच अडवायचे. "हात दाखव. बोटं कोरी आणि जर्नल भरलेलं? कुणाचं छापलंस रे?" मुलगा ओशाळून हसला की म्हणायचे, "हसतो काय? जा, करून बघ आणि मग लिही."

आमच्याकडे सगळ्या तऱ्हेची मुलं येतात. मुलुंडचे गुजराती, चेंबूरचे तमिळ, गोवंडीच्या बुरख्यातल्या मुली, माहुलचे कोळी. मामांना प्रत्येकाच्या भाषेतली चारच वाक्यं यायची आणि चारही ओरडायची. "नळ कोण बंद करणार, तुझे पप्पा?" हे मी त्यांच्या तोंडून पाच भाषांत ऐकलं आहे. ओरडा सगळ्यांना सारखाच. म्हणून मुलांना राग येत नसे.

ते स्वतः बारावी नापास. पण सॉल्टची, म्हणजे ओळखायला दिलेल्या क्षाराची, बाटली उजेडात धरून जरा हलवली की नाव सांगायचे; म्हणून सॉल्टमामा. मी एकदा विचारलं, "मामा, हे कसं जमतं?" म्हणाले, "बावीस वर्षं बाटल्या भरतोय, मॅडम. ओळखीचा माणूस लांबून चालीवरून कळतो ना, तसं."

आठवडाभर काम करून शिकणाऱ्या मुलांची प्रॅक्टिकल्स बुडत. त्यांच्यासाठी मामा शनिवारी दुपारी लॅब उघडू लागले. मी तेव्हा विभागात प्राध्यापक म्हणून नवीन होते. दहा वर्षं तासिका तत्त्वावर घासल्यावर कायम जागा मिळाली होती आणि प्रोबेशन चालू होतं. मामांनी मला रीतसर विचारलं आणि मी म्हटलं, "उघडा मामा, मी बघते." लेखी काही केलं नाही. दोन-तीनदा जाऊन बसले. मामा लेबलं फिरवून बाटल्या मांडायचे. त्यांचा नियम एकच: आधी बघ, वास घे, अंदाज पेपरच्या कोपऱ्यात लिही, मग टेस्ट करून तो खोटा पाडायला बघ. मी एम.एस्सी. केलं, पण असं कोणी मला शिकवलं नव्हतं.

माहुलची हर्षदा त्या वर्गातली. सकाळी आईबरोबर मासळीबाजारात बसायची, म्हणून प्रॅक्टिकल्स बुडायची. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत तिने सवयीने, एकही टेस्ट ट्यूब ओली करायच्या आधी, पेपरच्या कोपऱ्यात लिहिलं: कोबाल्ट, अ‍ॅसिटेट. बरोबर होतं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पेपर उचलला.

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाय सर. गुलाबी खडे आहेत, आन व्हिनेगरचा वास येतो. मामांनी शिकवलंय."

झालं! "शिपाई शिकवतो? मग प्राध्यापक काय करतात इथे?" परीक्षक म्हणाले आणि आमचे विभागप्रमुख चक्क हसले. मामा पुढे आले. "साहेब, तिची बोटं बघा. काळी आहेत. पोरगी शनिवार-शनिवार येऊन काम करते." परीक्षक म्हणाले, "बोटं हा पुरावा नसतो."

प्राचार्यांनी हर्षदाला परीक्षकांच्या देखत दुसरं सॉल्ट दिलं. तिने तेही ओळखलं आणि टेस्ट करून सिद्ध केलं. पेपर फोडल्याचा आरोप तिथेच संपला. संपायलाच हवा होता. पण अपमान झालेल्या माणसांना काहीतरी लागतंच. त्यांनी शनिवार धरला. लॅब कोणाच्या परवानगीने उघडली?

चौकशी समितीसमोर मीही बसले होते. मामा म्हणाले, "कोणाच्या नाही. माझी मीच उघडली." मी तोंड उघडलं नाही. एक वाक्य पुरलं असतं. चौकशीआधी जिन्यात त्यांनी मला बजावलं होतं, "तुमचं प्रोबेशन आहे, मॅडम. गप बसा." मी या वाक्याच्या आड बरीच वर्षं लपले. त्यांचाही राग येतो मला. माझ्या भित्रेपणाला इतकी सोयीची जागा त्यांनी का करून दिली?

मामांना लॅबमधून काढून झेरॉक्सच्या खोलीत बसवलं. पगार तोच, म्हणून म्हणे ती शिक्षा नव्हती! आठ वर्षं ते नोटिशींच्या प्रती काढत होते. लॅबच्या दारावरून जाताना आत बघत नसत. हर्षदा औषधांच्या कंपनीत लागली, पेढे घेऊन आली ती थेट झेरॉक्सच्या खोलीत. मला पेढा मिळाला नाही. बरोबरच केलं तिने. शनिवारचा वर्ग बंद पडला तो पडलाच. पुढे मी विभागप्रमुख झाले, तेव्हाही मी तो सुरू केला नाही.

यंदा मामा निवृत्त झाले. स्टाफरूममध्ये शाल, श्रीफळ, समोसे, वेफर्स. नव्या प्राचार्यांनी "प्रामाणिक सेवा" हे शब्द तीनदा वापरले. तिसऱ्यांदा ऐकल्यावर मी उठले. म्हटलं, "शनिवारी लॅब उघडायला मी सांगितलं होतं. चौकशीत मी गप्प बसले, आणि शिक्षा यांना झाली." मग प्राचार्य हसून म्हणाले, "मॅडम जरा भावुक झाल्या." मी भावुक नव्हते. मी संतापले होते. पण लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि समोसे घेतले.

मामांना रिक्षापर्यंत सोडायला मी खाली गेले. शालीची पिशवी त्यांनी माझ्या हातातून काढून घेतली.

"आज कशाला बोललात, मॅडम?"

"खरं होतं म्हणून, मामा."

"खरं तर तेव्हाही होतं," ते म्हणाले, आणि रिक्षावाल्याला विक्रोळी सांगून आत बसले.