कार्ल्यातला कॅनडा

मी कॅनडाचा कायमचा रहिवासी आहे आणि त्या कायमच्या रहिवासातला बराचसा काळ मी मावळातल्या परंदवडीत काढला आहे.

यात बेकायदेशीर काही नाही. तिकडचा नियमच असा, की मागच्या पाच वर्षांतली दोन वर्षं तिकडे राहिलेली दाखवली, की बाकीची तीन कुठेही काढा. आमची मुलगी प्राजक्ता टोरंटोजवळ असते. तिने आम्हा दोघांचे कागद केले तेव्हा हा नियम मला फारच उदार वाटला होता. दोन वर्षं म्हणजे काय! देहूरोडच्या लष्करी डेपोत स्टोअरकीपर म्हणून मी अख्खी नोकरी काढली, तिथे एकेका फाइलीला दोन वर्षं लागायची.

पण यात एक गोम असते. ही ‘मागची पाच वर्षं’ एका जागी थांबत नाहीत, रोज एक घर पुढे सरकतात. तुम्ही परंदवडीत ओट्यावर बसून चहा पीत असता आणि तिकडे पाच वर्षांपूर्वीचा एक एक दिवस मागून गळत असतो. भोक पडलेल्या हंड्यासारखं! आमचा हंडा असाच गळत होता. आधी गावच्या बुद्धविहाराच्या स्लॅबचं काम निघालं म्हणून थांबलो, मग पुतणीचं लग्न निघालं, मग माझा गुडघा निघाला. शेवटी प्राजक्ताने फोनवर निर्वाणीचं सांगितलं, “पप्पा, तुमचे दिवस आता जेमतेम भरतायत. या महिन्यात आला नाहीत तर सगळं गेलं. मग व्हिसा काढून पाहुण्यासारखे या.”

“पाहुण्यासारखी का जाऊ? माझा नातू आहे तिथे,” सुमन म्हणाली. (सुमन म्हणजे आमची ही.) त्याच दिवशी तिने बॅगा माळ्यावरून काढल्या.

गावाने निरोप असा दिला, की मला स्वतःबद्दल आदर वाटू लागला. विहारात सत्कार, शाल, पुष्पगुच्छ, मग मटणाचं जेवण. मी भाषणही केलं. “देह तिकडे असला तरी मन परंदवडीतच राहील!” असं म्हणून मी टाळ्या घेतल्या. (देहसुद्धा फार लांब जाणार नव्हता, पण ते तेव्हा कुणाला ठाऊक?) माझे थोरले चुलतभाऊ आबा यांच्याकडे घराची किल्ली दिली. त्यांनी ती करगोट्याला बांधली आणि म्हणाले, “जा बिनघोर. मी हाय हितं.”

विमान दुपारचं होतं. गावची जीप आम्हाला मुंबईच्या विमानतळाच्या दारात सोडून, हात हलवून निघून गेली. काउंटरवर एक मराठी मुलगी होती. मी ऐटीत दोन पासपोर्ट आणि कायमच्या रहिवासाची दोन पीआर कार्डं पुढे ठेवली.

तिने कार्ड उलटंसुलटं केलं. “काका, याची मुदत संपलीय.”

“शक्य नाही. नवंच आहे.”

“ही तारीख बघा ना. जुनं कार्ड दिलंय तुम्ही. नवं असेल बॅगेत.”

“जुनी कार्डं,” मी छाती पुढे काढून म्हणालो, “मी स्वतःच्या हाताने नष्ट केली आहेत.”

“मग ही कुठली?”

याचं उत्तर सुमनकडे होतं. ती अगदी हळू आवाजात म्हणाली, “अहो, त्या दिवशी प्राजूच्या डायनिंग टेबलावर बसून तुम्ही कात्रीने काय कापत होता?”

झालं होतं असं. तिकडे असताना नवी कार्डं पोस्टाने आली. सोबत सूचना होती, की जुनी कार्डं नष्ट करा. डेपोत निकामी माल नष्ट करणं हा माझा हातखंडा विषय! मी सुमनला साक्षीदार म्हणून समोर बसवलं (ती मटार सोलत होती), कार्डांचे बारीक तुकडे केले आणि ते वेगवेगळ्या रंगांच्या कचऱ्याच्या डब्यांत विभागून टाकले. आता नवं कुठलं आणि जुनं कुठलं हे मी कसं ठरवलं? चष्मा वर बेडरूममध्ये होता. म्हणून ज्या कार्डावर माझे केस जास्त दिसत होते, ते टवटवीत कार्ड नवं, असं मी धरलं. सुमनच्या बाबतीतही तेच. ज्यात ती जास्त तरुण दिसत होती, ते ठेवलं. (हे कारण मी विमानतळावर तिला सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही.)

तिकडून निघताना ते कार्ड कुणी विचारत नाही, जाताना विचारतात. विमान आम्हाला न घेता गेलं.

प्राजक्ताला फोन केला. ती म्हणाली, “पप्पा, आता प्रवासाचं वेगळं कागदपत्र काढावं लागेल. लगेच अर्ज करा. अर्जाच्या दिवशी दोन वर्षं भरलेली पाहिजेत. आणि जुना पासपोर्ट जोडा, तुमच्या जाण्यायेण्याचे शिक्के त्यावर आहेत.”

“जुने पासपोर्ट कुठे आहेत?” मी सुमनला विचारलं.

“घरात. कपाटात.”

म्हणजे परंदवडीत. म्हणजे आबांच्या करगोट्याला.

टॅक्सीत बसलो तेव्हा सुमन म्हणाली, “सरळ घरी जाऊ आणि सांगून टाकू.”

“काल सत्कार झालाय अगं! आज कोणत्या तोंडाने जायचं? माझं डोकं जरा चालू दे, चार दिवसांत काढतो मार्ग.”

“त्या डोक्यानेच कार्डं कापली ना?”

तरी टॅक्सी मी कार्ल्यालाच वळवली. तिथे सुमनची धाकटी बहीण वत्सला राहते. तिचा नवरा बबन घरासमोरच हायवेच्या कडेला कणसांची टपरी चालवतो. वत्सलाने दार उघडलं, बॅगा पाहिल्या आणि म्हणाली, “आगं बया! दाजी, विमान हितंच उतरलं व्हय?”

बबनला सगळं सांगितलं. तो तोंडावर टॉवेल धरून मागच्या दाराने बाहेर गेला आणि बराच वेळ आत आलाच नाही. बाहेरून त्याचं खोकल्यासारखं हसणं ऐकू येत होतं.

आता कॅनडात असल्याचं सोंग आलं. गावाकडून फोन येत. त्यांच्याकडे सकाळ असली, की मी आवाज जड करून म्हणायचो, “अरे, इथे रात्र आहे.” एकदा असं म्हणत असताना वत्सलाचा कोंबडा आरवला.

“भाऊ, कॅनडात कोंबडा?”

“शेजाऱ्यांचा आहे. पंजाबी लोक आहेत.”

दुसऱ्यांदा मागून एस्टीचा हॉर्न वाजला आणि “लोनावळा, लोनावळा, चला!” असं कुणीतरी ओरडलं. त्यावर मी काय उत्तर दिलं ते आता आठवत नाही, पण तेही पंजाबी लोकांवरच ढकललं असणार.

मग व्हिडिओ कॉलचा आग्रह सुरू झाला. तो टाळायला मी एक फोटो टाकायचं ठरवलं. श्रावणात कार्ल्याला असं धुकं उतरतं, की दहा हातांवरचा माणूस दिसत नाही. मी कॅनडाचं जाड जाकीट चढवलं, कानटोपी घातली आणि धुक्यात उभा राहिलो. बबनने फोटो काढला. खाली मी लिहिलं, ‘कडाक्याची थंडी. सगळीकडे पांढरंच पांढरं.’

गावच्या ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. फक्त एका पुतण्याने (तळेगावच्या कंपनीत सुपरवायझर आहे, जरा जास्तच वाचतो) लिहिलं, ‘काका, तिकडे आत्ता उन्हाळा असतो ना?’

मी लिहिलं, ‘यंदा हवामान बिघडलंय.’

सुमनला हे मुळीच हसण्यासारखं वाटत नव्हतं. चार दिवसांचे आठ झाले, आठाचे बारा. रोज संध्याकाळी ती नातवाला फोनवर बघायची. तो विचारायचा, “आज्जी, तू कुठे अडकलीस?” ती माझ्याकडे बघायची आणि फोन ठेवून आत जायची. एकदा मात्र तिने तोंडावर सांगितलं, “तुमची लाज वाचावी म्हणून माझा रोज एक दिवस गळतोय. कायमचं बंद झालं ना, तर मी ते कधी विसरणार नाही. सांगून ठेवते.” ती रागावली असती तर मी काहीतरी उत्तर केलं असतं. पण ती शांतपणे बोलली.

उद्या आबांना फोन करायचाच, असं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. पर्यटकांची झुंबड उडालेली. बबन कणसांचं पोतं आणायला गेला आणि टपरीवर मला बसवून गेला. अंगात तेच जाकीट, डोक्यावर कानटोपी. मी पुठ्ठ्याने निखाऱ्यांना वारा घालत बसलो होतो. तेवढ्यात समोर एक टेम्पो थांबला. त्यातून आमच्या विहारातली मंडळी उतरायला लागली! लेणी बघायला निघाली होती. मी मान निखाऱ्यांत घातली.

एक म्हातारा माणूस टपरीच्या बाकावर येऊन बसला. आवाज ऐकला आणि माझ्या हातातलं कणीस निखाऱ्यात पडलं.

“कनसं कवळी हायती का?” आबा.

“व्हय,” मी घशातून भलताच आवाज काढला.

“द्या एक.” मग जरा थांबून, “आमचा चुलतभाऊ कॅनडाला आसतो. तितं लय बरफ पडतोय म्हनं. भर श्रावनात!”

“आसंल.”

“जाकीट लय भारी हाय तुमचं. आगदी आसलंच त्याच्या फोटूत व्हतं.”

मी कणीस उलटंपालटं करत राहिलो. एक बाजू कोळसा झाली होती.

“मीठ-लिंबू जरा बेतानं लावा,” आबा म्हणाले. “का कॅनडात जास्तच लावत्यात, भाऊ?”

मी कानटोपी काढली. दुसरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तेवढ्यात सुमन चहा घेऊन बाहेर आली, समोर आबा दिसले आणि तिने किटली खाली ठेवली. “आबा, जयभीम,” एवढंच म्हणाली आणि तिथेच बाकावर बसून रडायला लागली.

टेम्पोतली मंडळी भोवती गोळा झाली. कुणी हसलं नाही, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. मी कार्डांपासून कोंबड्यापर्यंत सगळं सांगितलं. आबा ऐकत होते आणि मधून मधून जळक्या कणसाचे दाणे तोंडात टाकत होते.

“तुमाला कधी कळलं, आबा?” मी विचारलं.

“फोटूत. तुझ्या मागं धुक्यात म्हस हुबी हाय. तिच्या शिंगाला गोंडा हाय. बबनचीच म्हस ती, वळखली म्या.” मग त्यांचा आवाज बदलला. “वाटलं, आज सांगंल, उंद्या सांगंल. आज म्हनलं, आपुनच जाऊन बगू. अरं, चुकलं तर चुकलं. घरच्यापासनं लपवायचं आसतं व्हय? तुज्या लाजंपायी या बाईचं लेकीकडं जानं आडीवलंस तू.”

त्यांनी तिथल्या तिथे धोतराची गाठ सैल केली, करगोट्याची किल्ली सोडली आणि ती माझ्या हातात न देता सुमनच्या हातात दिली. “जा पोरी. काड तुजं कागद.”

लेणी बाजूला राहिली. टेम्पो आम्हाला घेऊन परंदवडीला गेला. जुने पासपोर्ट कपाटात साड्यांच्या खाली होते. दुसऱ्याच दिवशी आम्ही मुंबईला जाऊन अर्ज दिला. प्राजक्ताने फोनवर सगळे शिक्के पुन्हा पुन्हा मोजून घेतले आणि म्हणाली, “भरतायत. पण पप्पा, आणखी थोडं थांबला असतात तर भरले नसते.”

मग कागद येईपर्यंत आम्ही उघडपणे गावात राहिलो. दळणाला गेलो तरी लोक विचारायचे, “कधी आलात कॅनडाहून? बरफ कसाय?” लहान पोरंसुद्धा मला पंजाबी शेजाऱ्यांची खुशाली विचारायची. मी सगळ्यांना उत्तरं दिली. तेवढी शिक्षा कमीच होती.

कागद आले. या वेळी सत्कार नाही, भाषण नाही. फक्त आबा आले. त्यांनी ते कागद सुमनकडून मागून घेतले, चष्मा लावून दोन्ही बाजूंनी बघितले. त्यांना इंग्रजी येत नाही, पण फोटोतले केस आणि माझे केस मात्र त्यांनी नीट ताडून पाहिले आणि म्हणाले, “हां, ह्ये आत्ताचं वाटतंय.”

टोरंटोला उतरलो. रांगेत उभं राहताना सुमनने मला बजावलं होतं, “विचारतील तेवढंच बोला.” काउंटरवरच्या गोऱ्या साहेबाने कागद बघितले, हसला आणि या खेपेला किती राहणार, असं मला इंग्रजीत विचारलं. नियम मला तोंडपाठ होता, दिवसांचा हिशेब तोंडपाठ होता. पण घरच्या शेताची आयुष्यभराची सवय आडवी आली आणि मी खरं तेच बोलून गेलो, “टिल राइस कटिंग, सर.”

साहेबाचा हात थांबला. “राइस... कटिंग?”

“भातकापणी,” मी खुलासा केला.

सुमनने मला कोपराने बाजूला सारलं आणि काचेला जवळजवळ नाक लावून म्हणाली, “पर्मनंट, सर! वी आर पर्मनंट!”

साहेबाने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “मॅडम, इज ही विथ यू?”

तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत एकदा नीट पाहिलं आणि बऱ्यापैकी विचार करून मगच म्हणाली, “येस.”