नलूताईंनी ओळखलेला वास

नलूताई गेल्याचं मला ऑफिसातल्या फोनवर कळलं. सकाळी कामावर निघाल्या आणि जिन्यातच बसल्या, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं, असं शेजारच्या काकूंनी सांगितलं. माझी सात वर्षांची मनू तेव्हा शाळेत होती. तिला हे कसं सांगायचं, एवढंच माझ्या मनात येत होतं... कारण मनू आज आहे ती नलूताईंमुळे.

ऐरोलीत आमच्या समोरचं दार त्यांचं. पन्नाशीच्या, एकट्या, जवळच्या पावणे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात केमिस्ट. तिथे साबणात, गोळ्यांत घालायचे सुगंध बनत. संध्याकाळी त्या आल्या की जिन्यात कधी अननसाचा, कधी केळ्याचा वास दरवळायचा. मनूला सहाव्या महिन्यात डाळीचं पाणी सुरू केलं आणि तिला उलट्या होऊ लागल्या. ती निपचित पडायची. दोनदा सलाईन लावून घरी आणलं. तिच्या अंगाला घामट मोज्यांसारखा वास यायचा. सासरची माणसं नाक मुरडायची, आणि मी बिचारीला दिवसातून दोनदा न्हाऊ घालायची. तिसऱ्यांदा हॉस्पिटलात नेताना जिन्यात नलूताई भेटल्या. त्यांनी मनूला जवळ घेतलं, तिची मान हुंगली.

"सुषमा, हिला वास येतोय."

"मी आंघोळ घालते हो तिला," म्हणताना मला रडूच फुटलं.

"वेडी आहेस का? हा घाणीचा वास नाही. माझ्या ओळखीचा आहे."

दुसऱ्या दिवशी त्या रजा टाकून हॉस्पिटलात आल्या, पर्समध्ये घट्ट बुचाची एक छोटी बाटली घेऊन; तिच्यात कारखान्यात फळांचे सुगंध बनवायला लागणारं एक आम्ल होतं. तरुण डॉक्टरांना म्हणाल्या, "आधी बाळाचा वास घ्या, मग ह्या बाटलीचा." डॉक्टरांनी दोन्ही वास घेतले; ते एकच होते. मग दूध थांबवून नुसतं ग्लुकोज लावलं, लघवी मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात तपासायला पाठवली. चौथ्या दिवशी मनूने डोळे उघडून माझं बोट धरलं.

रिपोर्ट आला तेव्हा नलूताईंनीच मला तो समजावला. दुधा-डाळीतली प्रथिनं मोडताना मध्येच एक आम्ल तयार होतं, त्या बाटलीत होतं तेच. तेही मोडून टाकणारं एन्झाइम आपल्या सगळ्यांकडे असतं, मनूकडे जवळजवळ नव्हतं. ते आम्ल साठलं की विषासारखं भिनतं.

"म्हणजे ती बरी होणार नाही?"

"एन्झाइम काही येणार नाही. पण प्रथिनं मोजून दिली तर ती वाढेल. मोजणं मला येतं."

आणि पुढची सगळी वर्षं दर रविवारी आमच्या ओट्याशी उभं राहून त्यांनी मोजलं... वरण इतके चमचे, दूध इतकंच, साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ शून्य. मला कंटाळा आला तरी त्यांना आला नाही.

गेल्या आठवड्यात त्यांचे भाऊ रत्नागिरीहून घर आवरायला आले. स्वयंपाकघरातून एक स्टीलचा डबा आणून म्हणाले, "हा तुमच्याकडचा दिसतोय." झाकणावर प्रयोगशाळेतल्या बाटल्यांना लावतात तसली चिठ्ठी होती, नलूताईंच्या बारीक अक्षरात : 'मनू. साबुदाण्याच्या पापड्या. कितीही.'

जन्मभर मोजून जेवलेल्या माझ्या मुलीने तो शेवटचा शब्द दोनदा वाचला.

"आई, खरंच कितीही?"

"हो," मी म्हटलं. "नलूमावशीनं लिहिलंय ना."