एका पानावर एकच प्रश्न

"मावशी, तुम्ही कुणाला बोललात का?"

दार लोटून आत आल्या आल्या तिनं हेच विचारलं. चप्पल काढली नाही, बसली नाही. पोहण्याच्या तलावावर मुलांना शिकवणारी बाई ही. एरवी आवाज असा, की पलीकडच्या काठावरचं पोरगं मुकाट्यानं पाण्याबाहेर यावं. आज मात्र कुजबुजत होती.

मावशींच्या ओठांत दोन टाचण्या होत्या. त्या त्यांनी काढल्या, मनगटावरच्या उशीत खोचल्या आणि शिलाई मशीनचं चाक हातानं थांबवलं.

"काय बोलले?"

"माझं. ऑपरेशनचं."

"मी?" मावशी उठून उभ्याच राहिल्या. "अगं, मी माझ्या मुलीलासुद्धा सांगत नाही इथं कोण येतं ते."

आणि हे खरं होतं. मावशींचा धंदाच असा, की तोंड उघडलं की संपला. कॅन्सरमुळे ज्यांचा एक स्तन काढावा लागलाय, अशा बायकांसाठी त्या ब्रा शिवतात, आणि आत बसेल असा भरावही करतात. त्याआधी बावीस वर्षं त्या एका नाटक कंपनीच्या कपडेपटात होत्या. खोटी पोटं, खोटी कुबडं, राजाचे रुंद खांदे, सगळं त्यांच्या हातचं. नट त्यांना लाडानं 'कुबडबाई' म्हणायचे, आणि त्याही 'ओ' द्यायच्या. मग त्यांच्या थोरल्या बहिणीचं ऑपरेशन झालं. ताई ब्लाउजमध्ये मोजे गुंडाळून घालायची, मोज्यांना वजन नाही, आणि सहा महिन्यांत तिचा एक खांदा वर चढला. मावशी स्वयंपाकघरातला वजनाचा काटा घेऊन बसल्या. सुती पिशवीत मोहरी भर, घालून बघ, चालून बघ, परत काढ. सतराव्या पिशवीला ताई आरशासमोर सरळ उभी राहिली. तिथून हे काम लागलं.

दुकानाला पाटी नाही. दुसऱ्या मजल्यावरची एक खोली, एक निळा पडदा, एक मशीन. मापाच्या चिठ्ठीवर नाव कधीच नसतं. प्रत्येकीसाठी ठरवलेल्या रंगाचा दोरा चिठ्ठीला बांधलेला असतो. कपडा हातात दिला, की चिठ्ठी बाईच्या डोळ्यांदेखत फाडायची. आणि विचारायचं कसं, तेही ठरलेलं. एक प्रश्न. मग गप्प. दोरा कापायचा, पाणी ओतायचं, खिडकी थोडी लोटायची. मग दुसरा प्रश्न. एका दमात सगळं विचारलं, की बाई पर्स उचलून निघून जाते. हे मावशींनी तीनदा पाहिलं होतं.

"बस आधी," त्या म्हणाल्या. "काय झालं ते नीट सांग."

ती स्टुलाच्या कडेवर टेकली. "मी पहिल्यांदा तुमच्याकडे यायच्या आदल्या दिवशी तुमच्या वेबसाइटवर माप भरत होते. माझा फोन पाण्यात पडलेला."

"तुझा फोन पाण्यात नाही पडणार तर कुणाचा पडणार?"

"हसू नका हो. बाबांच्या टॅबवरून भरत होते. तिसऱ्या पानावर पोचले आणि बाबांच्या सपाता वाजल्या. झटकन बंद केलं. हिस्टरीसुद्धा पुसली. दुसऱ्या दिवशी सरळ इथं आले." तिनं पर्स मांडीवर ओढून घेतली. "आता बाबा टॅबवर बुद्धिबळाचे डाव बघतात ना, तर मध्येच जाहिरात. आधी विगची. मग आजारपणाच्या विम्याची. बाबा म्हणाले, माझ्या टकलावर बरीच माया दिसते यांची. मी हसले. आणि काल…"

"काल काय?"

"काल मी शेजारी बसले होते. टॅबवर तुमच्या या निळ्या पडद्याचा फोटो आला, मावशी. याच. खाली लिहिलेलं, 'तुमचं माप अर्धवट राहिलंय.'"

मावशींनी नकळत पडद्याकडे पाहिलं.

तिच्या घरी दोघंच. बाबा निवृत्त गणिताचे मास्तर. आई सहा वर्षांपूर्वी गेली, याच दुखण्यानं. दीड वर्ष बाबांनी तिच्या उशाशी काढलं. म्हणून मुलीनं स्वतःच्या वेळेला 'खांद्याचं ऑपरेशन' असं सांगितलं होतं. गुरुवारी शेवटचा रिपोर्ट यायचा होता. तो चांगला आला, की ती सांगणार होती: झालं होतं, संपलं, आता मी बरी आहे. तिन्ही वाक्यं एकदम, एका श्वासात. आधीची दोनच कानावर पडली तर बाबांचं काय होईल, या भीतीनं तिनं तीन महिने काढले होते.

"आज मंगळवार," ती म्हणाली. "मला दोन दिवस हवेत. बस. दोन दिवस हे बंद करा."

वेबसाइट जावयानं करून दिली होती. भला माणूस. कॉम्प्युटरच्या कंपनीत काम करतो आणि सासूच्या शब्दाबाहेर नाही. मावशींनी फोन केला आणि तो जेवणाच्या सुट्टीत लॅपटॉप घेऊन आला. शिक्षिका तलावावर परत गेली होती. तिचा विषय मावशींनी 'एक बाई' एवढाच काढला.

"आई, तुम्ही उगाच घाबरताय," तो म्हणाला. "ही आठवणीची जाहिरात असते. कुणी फॉर्म अर्धा सोडला, की त्याला परत दिसते. फुकट मिळत होती, मीच चालू केली. तुमच्या बायकांना सोयीचं."

"माझ्या बायकांना आठवण लागत नाही, जावईबापू. त्या विसरायलाच येतात इथं. बरं, ही आठवण कुणाला करून द्यायची, हे कसं कळतं त्यांना?"

"साइटवर किती लोक येतात ते मोजायला एक मोजणी बसवलीये मी. ती सगळेच बसवतात. ती फक्त पानाचं नाव लिहून घेते आणि कुठल्या फोनवरनं उघडलं ते."

"पानाचं नाव म्हणजे?"

त्यानं लॅपटॉप फिरवला. नोंदी होत्या, ओळीखाली ओळ. मावशींनी चष्मा चढवला. 'डावी-बाजू.' 'डावी-बाजू, तीन-महिने.' 'उजवी-बाजू, एक-वर्ष.' 'दोन्ही.'

मावशींनी एकेका ओळीवर बोट फिरवलं.

"ही तर उत्तरं आहेत त्यांची," त्या म्हणाल्या.

जावई मान खाली घालून म्हणाला, "तुम्हीच म्हणाला होतात ना आई. एका पानावर एकच प्रश्न. बायका बिचकतात, दम खाऊ दे त्यांना. मी म्हणत होतो सगळं एकाच पानावर टाकू. मग दर उत्तराला वेगळं पान आलं. पान आलं, की नाव आलं."

जी गोष्ट त्यांनी मायेनं केली होती, तीच माहिती बाहेर पडायची वाट झाली होती. इथं खोलीत दोन प्रश्नांच्या मधे त्या खिडकी लोटायच्या. तिथं दोन प्रश्नांच्या मधे कुणीतरी लिहून घेत होतं.

"पण आई, यात माणूस कुणी बघत नाही. मशीनच असतं सगळं."

"माणूस बघत असता तर लाजला तरी असता. विगवाल्यांकडे कसं गेलं हे?"

"मोजणीवाली कंपनी पुढं देते. जाहिरातवाल्यांना. आपण तशी परवानगी दिलेली असते."

"कुणी दिली?"

"तळाशी गोपनीयतेचं पान आहे. त्यात असतं."

"कुणी लिहिलं?"

"ते तयार मिळतं."

"तुम्ही वाचलंत?"

जावई खोकला. मग त्यानं ते पान उघडलं आणि स्वतःच पहिल्यांदा वाचलं. "आम्ही आपली माहिती आमच्या निवडक भागीदारांना देऊ शकतो."

"भागीदार? माझे? बटणं लावायलाही कधी कुणी आलं नाही माझ्या मदतीला, आणि भागीदार कुठून आले?" हसण्यासारखं होतं, पण दोघांपैकी कुणी हसलं नाही. "किती जणी आल्या आतापर्यंत या पानांवर?"

"दोन वर्षांत… चारशे बारा. माप पूर्ण भरलं अडतीस जणींनी. त्यांचे नंबर आहेत."

"आणि बाकीच्या?"

"त्या कोण, ते आपल्याला माहीत नाही."

"आपल्याला नाही. त्यांना?"

त्यानं लॅपटॉप स्वतःकडे फिरवला. मग म्हणाला, "त्यांना… साधारण."

पाच मिनिटांत त्यानं साइट बंद केली, जाहिरात बंद केली, मोजणी उपटून टाकली. "पण गेलं ते परत येत नाही, आई. त्या टॅबवर अजून काही दिवस काहीबाही दिसेल. टॅब हातात मिळाला तर पुसता येईल. आणि एक सांगू? बाकीच्यांना काही कळवू नका. कुणाला पत्ता लागणार नाही. उगाच बोभाटा."

मावशींनी त्याच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. "त्या अडतीस नंबरांचा कागद काढून द्या मला," त्या म्हणाल्या. "आणि ते पाणी प्या. चेहरा उतरलाय तुमचा."

बुधवारी पाचला शिक्षिका फिटिंगला आली. पोहायच्या पोशाखाचं काम होतं. आत पाण्यानं न फुगणारे प्लास्टिकचे बारीक मणी भरलेली पिशवी बसवायची होती. ठरलं असं, की बाबा साडेसहाला फिरायला जातात, तेव्हा ती टॅब उचलेल, फोनवर जावई सांगेल तसं पुसेल. एकच रात्र काढायची होती. पडद्यामागे मावशी तिच्या काखेशी टाचण्या लावत होत्या, आणि घंटी वाजली.

"हलू नकोस," मावशी म्हणाल्या आणि पडदा ओढून दाराशी गेल्या.

दारात एक म्हातारे गृहस्थ. इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी, दोन जिने चढून लागलेला दम.

"इथं मापं घेतात ना?"

"बायकांची."

"हो. तेच." ते आत आले, विचारल्याशिवाय स्टुलावर बसले आणि पिशवीतून टॅब काढला. "हे मला सारखं सांगत होतं, तुमचं माप अर्धवट राहिलंय. मला वाटलं शर्टाचं असेल. परवा दाबलं."

पडद्यामागे काहीतरी हललं आणि थांबलं.

"तर पुढं आलं, डावी बाजू. तीन महिने. खाली या खोलीचा पत्ता." त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. "घरात माणसं दोन. त्यातला मी नाही. मी चाळीस वर्षं याहून अवघड गणितं घातली आहेत पोरांना."

मावशींच्या तोंडाशी वाक्य तयार होतं. चुकून आलं असेल, हल्ली काहीही दाखवतात. नाटकात वाढलेल्या बाईला तेवढं सफाईनं म्हणायला काय लागतं? म्हातारा उठून गेला असता, आणि आतल्या मुलीला तिचा गुरुवार मिळाला असता. पण समोरचा माणूस चष्मा पुसतच होता. काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

"इथं कोण येतं, ते मी नवऱ्याला सांगत नाही, आईला सांगत नाही," मावशी म्हणाल्या. "तुम्हालाही सांगणार नाही. पण त्या टॅबवर जे आलं ते माझ्या दुकानातून सुटलं. ज्या कुणाचं असेल, तिची चूक नाही. माझी आहे."

"सांगा म्हणत नाही मी. विचारायला आलोच नाही." मास्तरांनी चष्मा परत चढवला. "मला एवढंच हवंय, की हे आणखी कुणाला सांगतात का? तलावाच्या कमिटीला वगैरे? तिची नोकरी आहे हो तिथं."

"नाही. जाहिरातवाल्यांकडे गेलंय. कमिटीकडे कुणी पत्र धाडत नाही. पण पुढं कुठंकुठं गेलं, ते मला खरंच माहीत नाही. खोटा धीर नाही देत तुम्हाला."

"बरं." त्यांनी मान हलवली. "परवापासून वाट बघतोय, ती कधी बोलते. मी विचारलं तर ती खोटं बोलेल, आणि मग बिचारीला ते खोटं सांभाळत बसावं लागेल. तिनंच सांगावं."

"बाबा."

पडदा सरकला. ती तशीच बाहेर आली होती, अंगावर टॉवेल, काखेशी टाचण्या, डोळे लाल. मास्तर उठायला गेले आणि पिशवी खाली पडली.

"उद्या रिपोर्ट आल्यावर सांगणार होते," ती म्हणाली. "सगळं संपल्यावर. माझ्या तोंडानं. तेवढंच एक माझ्या हातात होतं, बाबा, आणि ते या डबड्यानं आधीच…" तिनं मावशींकडे पाहिलं. त्या नजरेत माफी नव्हती, आणि मावशींनी ती मागितलीही नाही.

मास्तरांनी टॅब मावशींच्या हातात दिला. "हे तुम्ही बाहेर घेऊन जाता का जरा?" मग मुलीसाठी स्टूल पुढं सरकवलं आणि स्वतः कापडाच्या गठ्ठ्यावर बसले. "मला काही माहीत नाही. समज, आत्ताच आलोय. सांग."

"रिपोर्ट वाईट आला तर?"

"ते उद्याचं. किती वाजता जायचंय?"

"साडेदहा."

"मग साडेनऊला निघू. हं. सांग."

"टाचण्या सांभाळ," मावशी एवढंच म्हणाल्या आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. आत आधी काही ऐकू आलं नाही, मग तिचा आवाज आला, अडखळत, एकेक वाक्य. मावशी चार पायऱ्या खाली उतरल्या, म्हणजे कानावर पडू नये. टॅब मांडीवर पालथा ठेवून त्या पायरीवर बसल्या आणि पदराच्या गाठीतला कागद सोडला. अडतीस नंबर. फोन कुणाच्या नवऱ्यानं उचलला तर काय बोलायचं, हे त्यांनी सकाळपासून घोकलं होतं: राँग नंबर, माफ करा. बाईनं उचलला तर काय, ते अजून सापडलं नव्हतं.

पहिला नंबर लावला. चार घंट्या. मग बाईचा आवाज.

"मी मापवाली मावशी बोलतेय," त्या हळू म्हणाल्या. "जवळ कुणी आहे का?"

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला.

"थांबा," ती बाई म्हणाली. "दार लावून येते."