मयेकर मॅडमचं पापलेट

पेशींचं मरण शिकवायच्या दिवशी मयेकर मॅडम वर्गात पापलेट घेऊन यायच्या. रत्नागिरीतल्या आमच्या फार्मसी कॉलेजात त्यांचा तो तास इतका गाजलेला होता, की वरच्या वर्गातली मुलंही मागच्या बाकांवर येऊन बसत. स्पिरिटच्या दिव्यावर पाणी उकळायचं, त्यात पापलेटचा तुकडा सोडायचा आणि तो पांढराफटक पडेपर्यंत बाई एक शब्द बोलायच्या नाहीत. मग चिमट्याने तुकडा वर काढून म्हणायच्या, "बघा. आकार तसाच आहे, जीव गेलाय. रक्तपुरवठा तुटला किंवा विष भिनलं, की पेशी बहुतेक अशाच मरतात." सडून पाणी होणारं मरण समजावताना त्या उन्हात विसरलेल्या मांदेलीची आठवण काढत, आणि मधुमेह्याच्या पायाचं काळं पडून वाळलेलं बोट त्यांच्या लेखी सरळ सुका बोंबील असे. त्यांच्यानंतर औषधशास्त्राचा तास माझा. त्या दिवशी मुलांना माझ्या विषयापेक्षा जेवणाच्या सुट्टीची जास्त ओढ असायची.

बाई मूळच्या नाटे गावच्या, मासेमारी करणाऱ्या घरातल्या. लग्न केलं नाही. भावाची होडी होती. तो अधूनमधून बर्फात घातलेला मासळीचा डबा एसटीच्या ड्रायव्हरकडे देऊन पाठवायचा आणि बाई स्टँडवर जाऊन तो उतरवून घ्यायच्या. त्यातली निम्मी मासळी आम्हा सहकाऱ्यांच्या घरी जायची. मी दापोलीहून नोकरीला आलेली, तेव्हाही एकटी आणि आजही एकटीच. मासे साफ करायला मला त्यांनीच शिकवलं, आणि शिकवताना माझ्या सुरी धरण्याची यथेच्छ टिंगलही केली.

त्यांचा खरा जीव मात्र दुसऱ्याच एका मरणावर होता. काही पेशी आपली वेळ झाली की स्वतःहून आवरतं घेतात. सूज नाही, दाह नाही. आपलं सगळं सामान छोट्या गाठोड्यांत बांधतात, शेजारच्या पेशींना खूण करतात आणि त्या ती गाठोडी उचलून नेतात. "शहाणं मरण," बाई म्हणायच्या. "शेजाऱ्यांना त्रास नाही." हे वाक्य वर्गाबाहेरही त्यांच्या तोंडी असे. तापाने फणफणल्या तरी कुणाला कळवायच्या नाहीत. मागाहून कळलं की मी भांडायची, आणि त्या शांतपणे म्हणायच्या, शेजाऱ्यांना त्रास नको. मला त्या वाक्याचा मनस्वी राग यायचा.

निवृत्त झाल्यावर त्या आपल्या जुन्या ब्लॉकमध्येच राहिल्या. समोरचा ब्लॉक मुंबईकरांचा, मे महिन्यापुरता उघडणारा. वरचे दोन्ही विकले न गेलेले. पुढे भाऊ वारला, होडी विकली गेली आणि डबा यायचा थांबला. मी फोन केला की त्या "बरी आहे" म्हणायच्या आणि उलट माझीच चौकशी करायच्या.

गेल्या वर्षी गणपती झाल्यावर मी त्यांच्याकडे गेले. दार उघडल्याबरोबर मला त्यांचे डोळे दिसले, हळदीसारखे पिवळे. ओट्यावर शेगडी वर्तमानपत्राने झाकलेली होती आणि त्यावर टोस्टचा पुडा आणि गुडघेदुखीच्या गोळ्या. जेवता काय, असं विचारलं तर हसल्या.

"एकट्या माणसाक कालवण कशाक गो?"

मी रिक्षा बोलावली.

गोळ्या साध्याच होत्या, घराघरात असतात त्या. मॅडम त्या मोजून घेत होत्या, फार तर दुखणं वाढलं की एखादी जास्त. दवाखान्यात सलाईनमधून त्या गोळ्यांवरचा उतारा सुरू झाला, तेव्हा कॉटशेजारी बसून मी त्यांच्यासाठी माझा जुना तास पुन्हा घेतला. यकृत या गोळीचा बहुतेक भाग निरुपद्रवी करून लघवीवाटे बाहेर काढतं. थोड्याशा भागाचं मात्र विष होतं. ते मारायला यकृताकडे एक साठा असतो, आणि तो साठा रोजच्या अन्नातून भरला जातो. तुम्ही जेवतच नव्हतात, मॅडम. साठा संपला आणि विष पेशींवर उलटलं.

त्या शहाण्या विद्यार्थिनीसारख्या ऐकत होत्या. "म्हणजे पापलेट," त्या म्हणाल्या.

"हो. पापलेट."

"गोळ्या मोजल्या. जेवण मोजायचं राहिलं." त्यांना त्या चुकीची गंमत वाटली असावी. मला रडू येत होतं. मी म्हटलं, तुम्ही जिचं एवढं कौतुक करायचात ती पेशीसुद्धा मरताना शेजारणीला खूण करते, हे तुम्हीच शिकवलंत ना? मग एक फोन करायला काय झालं होतं?



"खूण करूक शेजारीण लागता गो," त्या म्हणाल्या.

यकृत पुन्हा वाढणारा अवयव आहे. मी त्या भरवशावर होते, डॉक्टरही होते. पण उतारा उशिरा मिळाला होता. मॅडम हळूहळू गुंगीत गेल्या आणि त्यातच संपल्या. नाट्याहून भाचे आले, सगळं रीतसर झालं आणि ब्लॉकला कुलूप लागलं.

आता पेशींचं मरणही मीच शिकवते. परवा त्या तासासाठी पापलेट आणलं आणि वर्गात एकच तुकडा लागला. उरलेल्याचं घरी येऊन कालवण केलं. एकटीपुरतं करायला जमत नाही, जास्तच होतं. माझ्या समोरच्या ब्लॉकमध्ये एक नवीन बाई राहायला आल्या आहेत. त्यांचं नाव मला ठाऊक नव्हतं. वाटीभर कालवण घेऊन मी त्यांची बेल वाजवली, नाव विचारलं आणि वाटी देऊन परत आले.

वाटी अजून परत आलेली नाही. संध्याकाळी घरी आले की मी दार नुसतं लोटून ठेवते, कडी लावत नाही.